आकडा खरा, चित्र खोटं : आरोग्य सर्वेक्षणाचे आलेख बघण्यापूर्वी

एकाच महिन्यात माझ्या ओपीडीत दोन बायका आल्या. दोघींच्याही मोबाइलमध्ये एकच चित्र होतं.

पहिली तिशीतली शिक्षिका. आल्या आल्या तिने पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची रक्तवाढीची टॉनिकं. "डॉक्टर, यातलं कुठलं सगळ्यात स्ट्राँग?" मी रिपोर्ट मागितला. हिमोग्लोबिन ११.४. थोडं कमी, पण घाबरण्यासारखं काही नाही. जेवणातले बदल आणि काही महिने साध्या लोहाच्या गोळ्या पुरल्या असत्या. ती मात्र तीन आठवडे धड झोपली नव्हती.

दुसरी चाळिशीतली. शेतात मजुरीला जाणारी. जिना चढून आल्यावर दोन मिनिटं तिला बोलता येईना. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरं फटक. हिमोग्लोबिन निघालं ६.४. पाळीत अंगावरून खूप जातं, वर्ष होत आलं, असं तिने सांगितलं. "अहो मावशी, मग एवढे दिवस आला का नाहीत?" त्यावर ती सहज म्हणाली, "दहातल्या सहा बायकांचं असंच असतं ना, डॉक्टर? पोरीनं मोबाइलवर दाखवलं होतं."

एक बाई विनाकारण घाबरली आणि दुसरी, जिने घाबरायला हवं होतं, ती निर्धास्त राहिली. दोन्ही गोष्टी एकाच चित्राने केल्या. आज मी त्या चित्राविरुद्ध आणि तसल्या सगळ्या चित्रांविरुद्ध लिहिणार आहे. थोडं स्वतःविरुद्धही, कारण त्या चित्राचा रंगीत प्रिंट माझ्याच दवाखान्याच्या भिंतीवर चार महिने लावलेला होता.

चित्रात काय होतं?

रक्ताचे दोन लालभडक थेंब. डावीकडे लहान थेंब, त्यावर ५३.१ टक्के. उजवीकडे मोठा थेंब, त्यावर ५७ टक्के. वर मथळा : भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमियाचा स्फोट!

आकडे खरे आहेत. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षण, ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात, त्याच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५३.१ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ५७ टक्के. हे सर्वेक्षण काही ऐरंगैरं नाही. पाचव्या फेरीत देशातल्या ७०७ जिल्ह्यांत, सहा लाख छत्तीस हजारांहून जास्त घरांत आणि सव्वासात लाखांच्या आसपास स्त्रियांपर्यंत माणसं पोचली होती. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे.

पण मावशी गेल्यावर मी भिंतीवरचं ते चित्र काढलं आणि पट्टी लावून मोजलं. लहान थेंबाची उंची ६ सेंटिमीटर. मोठ्याची साडेतेरा. म्हणजे सव्वादोन पट. ५३ चे ५७ होणं म्हणजे सव्वादोन पट? नाही. १०० चे १०७ होणं. मग हे सव्वादोन आलं कुठून?

चित्र काढणाऱ्याने शून्यापासून सुरुवातच केली नव्हती. त्याने पन्नासपासून मोजायला घेतलं. पन्नासच्या वर ५३.१ मध्ये उरतात ३.१ आणि ५७ मध्ये उरतात ७. झाले सव्वादोन पट. पुढे गंमत बघा. थेंब नुसता उंच नाही होत, रुंदही होतो. उंची सव्वादोन पट, रुंदी सव्वादोन पट, म्हणजे कागदावरचा लाल रंग पाचपट. आपला डोळा उंची बघत नाही, रंगाचा पसारा बघतो. सात टक्क्यांची वाढ अशी पाचपट होऊन शिक्षिकेच्या डोळ्यांपुढे आली.

आणि मावशीचं काय झालं? त्या लाल थेंबात सगळ्याच बायका एकत्र ओतलेल्या होत्या. ११.४ वालीही आणि ६.४ वालीही. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तिला ॲनिमिया आहे असं धरतात. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र. ही विभागणी सर्वेक्षणाच्या अहवालात आहे. चित्र काढणाऱ्याने ती टाकून दिली, का तर "लोकांना कळत नाही". मावशीने त्या थेंबाकडे बघितलं आणि स्वतःला बहुसंख्य बायकांत मोजलं. प्रत्यक्षात ती होती शंभरातल्या जेमतेम तिघींपैकी एक.

"लोकांना आकडे कळत नाहीत" ही सबब

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. बैठकांत, शिबिरांत, पोस्टर छापणाऱ्याच्या तोंडी आणि आम्हा डॉक्टरांच्या तोंडी तर रोज. मला ते आता ऐकवत नाही.

कोणाला कळत नाहीत आकडे? बचत गटातल्या बाईला विचारा, शेकडा दोनने घेतलेल्या दहा हजारांचं महिन्याला व्याज किती. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती सांगेल. डेअरीवर दूध घालणाऱ्याला विचारा, फॅट चारवरून साडेतीनवर आली तर लिटरमागे काय फटका बसतो. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली लागली की वर, यावर अख्खं गाव दुष्काळ जाहीर होण्याची वाट बघत बसतं. आठ षटकांत बहात्तर धावा हव्यात म्हणजे षटकाला नऊ, हे पानाच्या टपरीवरचा पोरगाही सांगतो.

या माणसांना टक्केवारी कळते, सरासरी कळते, दर कळतो. त्यांना कळत नाही ते आमचं चित्र. ते कळत नाही कारण ते कळण्यासाठी काढलेलंच नसतं. ते काढलेलं असतं दचकवण्यासाठी, नाहीतर अहवालाचं पान सजवण्यासाठी. दोष चित्रात आहे आणि खापर फुटतं बघणाऱ्यावर.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अहवालातलं कोष्टक वाचणाऱ्या तज्ज्ञाला वाईट चित्राने फार फरक पडत नाही. तो आकडा बघतो, व्याख्या तपासतो, तळटीप वाचतो. तुमच्याकडे मात्र फक्त ते चित्रच पोचतं. त्यामुळे सामान्य माणसासाठी काढलेलं चित्र तज्ज्ञांसाठी काढलेल्या चित्रापेक्षा जास्त काटेकोर असायला हवं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. तज्ज्ञांसाठी काटेकोर आणि लोकांसाठी "काहीतरी रंगीत टाका".

रोजचे चार घोटाळे

थेंबाचं झालं. आता बाकीचे बघू. हे सगळे मी वर्तमानपत्रांत, मोबाइलवर आणि भिंतीवरच्या पोस्टरांत बघितलेले प्रकार आहेत.

*वर्षांमधलं अंतर.* एनएफएचएसच्या फेऱ्या झाल्या १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ मध्ये. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दहा वर्षांचं अंतर, चौथ्या आणि पाचव्या फेरीत साधारण चार वर्षांचं. पण आलेखात पाचही फेऱ्या सारख्या अंतरावर, शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. पाच वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं देशातलं प्रमाण ४८ वरून ३८.४ वर आणि मग ३५.५ वर आलं. सारख्या अंतराच्या आलेखात रेघ आधी धाडकन खाली येते आणि मग जवळजवळ आडवी होते. बघणारा म्हणतो, प्रगती थांबली. भागाकार करा. आधी दहा वर्षांत ९.६, म्हणजे वर्षाला एक टक्क्याच्या थोडं आत. नंतर चार वर्षांत २.९, म्हणजे वर्षाला पाऊण टक्क्याच्या जवळपास. वेग मंदावला हे खरं, थांबला हे खोटं. यावर कोणी म्हणेल, "एवढ्याने काय बिघडतं?" बिघडतं असं, की अंगणवाडीत राबणाऱ्या ताईला आपलं काम वाया गेलं असं वाटतं.

*लाल-हिरवा नकाशा.* महाराष्ट्राचा नकाशा, वाईट जिल्हे लाल, चांगले हिरवे. बघितल्याबरोबर वाटतं की सगळं दुखणं तिकडे पूर्वेला आहे. आता गडचिरोलीचं क्षेत्रफळ बघा, १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. मुंबई उपनगर जिल्हा ४४६ चौरस किलोमीटरचा आणि लोकसंख्या ९३ लाखांवर. नकाशावर गडचिरोली तळहाताएवढी दिसते आणि उपनगर दिसतच नाही, टाचणीच्या टोकाखाली झाकलं जातं. नकाशा जमिनीला रंग देतो, आजारी मात्र माणसं पडतात. उपनगरातल्या शंभरातल्या दहा जणांना एखादा आजार असेल तर ती नऊ लाखांहून जास्त माणसं झाली, जवळजवळ एक अख्खी गडचिरोली. नकाशावर ती कुठेच नाहीत. गडचिरोलीचे प्रश्न खोटे आहेत असं मी म्हणत नाही. नकाशाने एकाचं दुखणं दाखवताना दुसऱ्याचं झाकू नये एवढंच म्हणतो. शिवाय लाल आणि हिरवा हा फरक अनेक पुरुषांना जन्मतःच नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी तो नकाशा नुसता मातकट.

*गायब झालेले कंस.* हे मला सगळ्यात जास्त खटकतं. एनएफएचएसच्या जिल्हा पत्रकात काही आकडे कंसात छापलेले असतात. त्याचा अर्थ असा की तो आकडा २५ ते ४९ जणांच्याच माहितीवरून काढला आहे, जपून वापरा. २५ पेक्षाही कमी असतील तर आकडा छापतच नाहीत, तिथे फुली असते. किती प्रामाणिकपणा आहे बघा! पाचव्या फेरीत महाराष्ट्रभर मिळून साधारण पावणेचौतीस हजार स्त्रियांची माहिती घेतली. छत्तीस जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्याला हजाराच्या आत. त्यातून पुन्हा सहा महिन्यांखालची बाळं, किंवा गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झालेली मुलं वेगळी काढली की हातात चाळीस-पन्नासच उरतात. चाळीस मुलांत दोन मुलं इकडची तिकडे झाली की आकडा पाच टक्क्यांनी हलतो. चित्र काढणारा काय करतो? कंस पुसतो, स्तंभ काढतो आणि खाली लिहितो, "अमुक जिल्हा घसरला!" सर्वेक्षण करणाऱ्यांनी जे जपून सांगितलं, ते याने छाती ठोकून सांगितलं.

*मोजलं काय आणि सांगितलं काय.* २०२१ च्या नोव्हेंबरात मथळे आले होते, भारतात हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. बायकांची आणि पुरुषांची ती चित्रं तुमच्याकडेही आली असतील. आकडा एनएफएचएसमधलाच. पण ही जनगणना नव्हती. सर्वेक्षणात निवडलेल्या घरांत आदल्या रात्री मुक्कामाला कोण होतं, त्याची ती मोजदाद. कामासाठी परगावी, साइटवर, वसतिगृहात, छावणीत झोपणारे पुरुष त्यात येत नाहीत. त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांची मोजणीही होती. हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. पहिल्या आकड्याचं चित्र झालं, ते घरोघर फिरलं. दुसरा, जो आपल्या तोंडावर चपराक मारतो, त्याचं चित्र काढायला कोणाला सवड झाली नाही.

याच जातीची आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमधला ॲनिमिया ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. हे आकडे २०२० च्या शेवटी प्रसिद्ध झाले आणि लगेच आलेखाच्या शेजारी मास्क आणि कुलूप काढून "लॉकडाउनचा फटका" असं लिहिलेलं चित्र माझ्याकडे आलं. महाराष्ट्राची पाहणी पहिल्या टप्प्यात झाली होती. तो टप्पा जून २०१९ ते जानेवारी २०२० चा. लॉकडाउन लागलं मार्चमध्ये. ज्या गोष्टीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं तिच्यावर आपण बिल फाडलं आणि खरं कारण शोधायचं सोडून दिलं.

भीती दाखवली तरच लोक ऐकतात?

माझ्या काही डॉक्टर मित्रांचं म्हणणं असं की, "अरे, थेंब जरा मोठा काढला तर काय झालं? त्या निमित्ताने लोक तपासणीला तर येतात. चांगल्या कामासाठी थोडं वाढवून सांगितलेलं चालतं."

या युक्तिवादात थोडं तथ्य आहे, म्हणून तो गंभीरपणे घेतो. नुसता रुक्ष आकडा कोणी वाचत नाही हे खरं. काही जण घाबरून येतात आणि त्यांचं भलं होतं हेही खरं. पण घाबरलेली माणसं आणखी काय करतात ते बघा.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! वर्तमानपत्रांनी, टीव्हीने तेवढंच उचललं. असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण ७,००० बायकांत एकीला असा त्रास होई, नव्या गोळ्यांनी दोघींना. ७,००० मध्ये एकीची भर. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात व बाळंतपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! बर्लिनचे मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर हे उदाहरण वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. दुप्पट हा शब्द खोटा नव्हता. "कशाच्या दुप्पट" हे सांगितलं नाही, तिथे घात झाला. सात हजार ठिपके काढून त्यातले दोन रंगवले असते तर एवढं रामायण घडलं नसतं.

भीतीचं दुसरं नुकसान मावशीने मला दाखवलं. सगळंच लाल रंगवलं की खरा धोका कुठला ते ओळखू येत नाही. भोंगा रोजच वाजत राहिला तर ज्या दिवशी खरोखर आग लागेल त्या दिवशी कोण धावेल?

आणि तिसरं नुकसान विश्वासाचं. आज तुम्ही थेंब फुगवला, उद्या कोणीतरी तो मोजेल. मग तो तुमच्या लसीच्या पोस्टरवरही विश्वास ठेवणार नाही. खोट्याच्या आधाराने केलेला प्रचार पहिल्यांदा चालतो, नंतर त्याची वसुली सगळ्या डॉक्टरांकडून होते.

सोपं आणि खरं, दोन्ही जमतं

"सोपं करायचं म्हणजे थोडं खोटं होणारच" हेही मला मान्य नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका नर्सने हे करून दाखवलंय. क्रायमियाच्या युद्धातून परतल्यावर १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलने पाकळ्यांचं एक चित्र प्रसिद्ध केलं. दर महिन्याला एक पाकळी. टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले सैनिक निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लाल रंगात. निळा रंग इतका पसरलेला होता की सैनिक शत्रूच्या गोळीने कमी आणि घाणीने, साथीने जास्त मेले हे कोणालाही दिसावं. ते चित्र आकडेतज्ज्ञांसाठी नव्हतं, सत्तेतल्या आणि बाहेरच्या साध्या वाचकांसाठी होतं. तरी तिने हिशेब चोख ठेवला. मोजायचं ते पाकळीचं क्षेत्रफळ, आणि ते मध्यापासून मोजायचं, असं चित्राच्या बाजूलाच लिहून ठेवलं. दचकवलं तिनेही, पण खऱ्या मापाने.

१९२० च्या दशकात व्हिएन्नात ऑटो न्यूराथने कामगारांसाठी आकड्यांचं संग्रहालय काढलं. त्याचा नियम अगदी साधा होता. जास्त माणसं दाखवायची तर माणूस मोठा काढायचा नाही, त्याच आकाराची जास्त माणसं काढायची. हा एक नियम पाळला असता तरी माझ्या भिंतीवरचा तो थेंब फुगला नसता.

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर आता तोच नियम वापरलेलं एक चित्र आहे. शंभर ठिपके, दहाच्या दहा रांगा. एक ठिपका म्हणजे एक बाई. ४३ पांढरे, यांना ॲनिमिया नाही. सुमारे २६ फिकट गुलाबी, यांना सौम्य. २८ लाल, यांना मध्यम. तीन काळपट लाल, यांना तीव्र. प्रत्येक रंगाशेजारी दोन ओळी. फिकट गुलाबी : काळजी नको, पण आहार आणि गोळ्या सुरू करा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. लाल : गोळ्या सुरू करा आणि कारण शोधायला डॉक्टरांकडे या. काळपट लाल : आजच या. आणि तळाला बारीक नाही, ठळक अक्षरात : "हे आकडे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे, २०१९-२१ चे, बोटातून घेतलेल्या थेंबावरून काढलेले. तुमचा आकडा शिरेतून रक्त घेऊन तपासल्यावरच नक्की कळेल." बोटातल्या थेंबावरची मोजणी आणि शिरेतल्या रक्तावरची मोजणी यांत फरक पडू शकतो, तज्ज्ञांत त्यावर वाद आहे. तो लपवायचा कशाला?

काळपट ठिपके तीनच आहेत म्हणून ते क्षुल्लक वाटतील असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी त्याला म्हटलं, आपल्या तालुक्यात या वयाच्या पन्नास हजार बायका धर. देशाचंच प्रमाण लावलं तरी दीड हजार झाल्या. त्या दीड हजार जणींना शोधून काढणं हे आपलं काम आहे. ५७ टक्क्यांच्या एका लाल गोळ्यात त्या कधीच सापडणार नाहीत.

आता तुम्ही काय करायचं?

चित्रं काढणारे उद्या सुधारतील या भरवशावर बसू नका. पुढच्या वेळी आरोग्याचं एखादं रंगीत चित्र मोबाइलवर आलं की पुढे पाठवण्यापूर्वी एवढे प्रश्न विचारा.

१. मोजणी शून्यापासून सुरू झाली आहे का? स्तंभाचा किंवा थेंबाचा पाया कापला असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आकडे वाचा.

२. किती जणांत किती? "दुप्पट", "तिप्पट", "५० टक्के वाढ" हे शब्द आले की लगेच विचारा, आधी हजारात किती होते आणि आता किती आहेत?

३. कोणाला विचारलं आणि कधी? वय, ठिकाण, वर्ष. ही तीन नसतील तर ते चित्र माहिती देत नाही, अफवा पसरवतं.

४. सौम्य आणि तीव्र एकत्र केलंय का? सरासरीच्या पोटात काय दडलंय? एक उदाहरण देतो. देशात साडेएकवीस टक्के बाळंतपणं सिझेरियनने होतात. यात सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के. तुमची मुलगी बाळंतपणाला कुठे जाणार आहे त्यावर तिच्यासाठीचा आकडा ठरतो, सरासरी तिच्या काही कामाची नाही.

५. मी यात कुठे आहे? हा सगळ्यात महत्त्वाचा. सर्वेक्षण समाजाचं असतं, शरीर तुमचं. ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे यावरून तुम्हाला आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी तुमची स्वतःची रक्ततपासणी लागते, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रातही होते.

आणि आम्हा डॉक्टरांनाही हे विचारायला लाजू नका. भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवून "डॉक्टर, हे नक्की किती जणांत किती?" असं विचारा. उत्तर देता आलं नाही तर आम्ही ते पोस्टर काढून ठेवायला हवं.

मावशीच्या गर्भाशयात गाठ होती. तिला रक्त चढवावं लागलं, पुढे ऑपरेशनही झालं. सहा महिन्यांनी ती दाखवायला आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.८ होतं. ठिपक्यांच्या चित्रासमोर ती बराच वेळ उभी होती. मग काळपट ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "मी ही होते व्हय?" आणि बोट सरकवत फिकट गुलाबीवर आणलं. "आता ही."

तिला शाळा चौथीपर्यंतच मिळाली. आकडे कळत नाहीत असं मी तिच्याबद्दल पुन्हा कधी म्हणणार नाही.